नऊ टक्क्यांचा चेहरा

केवडियाच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याबद्दलचा एक आकडा बरेच दिवस माझ्या डोक्यात अडकून बसलाय. १८२ मीटर उंची तर एमपीएससीची तयारी करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. २,९८९ कोटींचं कंत्राटही अनेकांच्या लक्षात आहे. मला आठवत राहतो तो आकडा त्यामानाने फुटकळ आहे : ९ टक्के.

२०१५ साली बातमी आली की या पुतळ्याचं ब्राँझ चीनमधल्या एका फाउंड्रीत ओतलं जाणार आहे. ‘मेक इन इंडिया’ची घोषणा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, त्यामुळे व्हायचा तो गदारोळ झाला. कंत्राट घेतलेल्या लार्सन अँड टुब्रोने खुलासा केला : पुतळा भारतातच बांधला जातोय, बाहेरून येणार आहेत ते फक्त वरून लावायचे ब्राँझचे पॅनल, आणि त्यांची किंमत एकूण कामाच्या ९ टक्क्यांहूनही कमी आहे. 

हिशोबात काही चूक नाही. पण हे ९ टक्के म्हणजे नेमकं काय, ते बघा. खांद्यावरच्या शालीच्या घड्या, धोतराच्या निऱ्या, हातांची बोटं, कपाळावरच्या आठ्या. म्हणजे पटेल म्हणून जे काही दिसतं ते सगळं. नर्मदेच्या काठावर मान वर करून आपण फोटो काढतो तो या ९ टक्क्यांचा. काँक्रीट, पोलाद, लिफ्ट, वायरिंग हे सगळं आत आहे.

आणि त्याच्याही खाली, पायात, आणखी एक गोष्ट आहे. २०१३ मध्ये या पुतळ्यासाठी देशभरातल्या शेतकऱ्यांकडून जुनी लोखंडी अवजारं गोळा करण्याची मोहीम निघाली होती. गावोगावहून लोकांनी वापरून झिजलेलं लोखंड दिलं. शंभर टनांहून जास्त जमलं. ते वितळवून पुतळ्याच्या पायाच्या कामात वापरलं गेलं. म्हणजे शेतकऱ्यांचं लोखंड जमिनीखाली आणि नानचांगमध्ये ओतलेलं ब्राँझ अंगावर. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये. कुणी मुद्दाम असं ठरवलं नसणार. पण ते झालं असं, आणि त्यातून एक प्रश्न उभा राहतो. ज्या वस्तूवर आपण ‘हे म्हणजे आपण’ असं लिहितो, ती कुणाच्या हाताने घडली याला काही अर्थ असतो का? की चेहरा पटेलांचा, पैसा आपला, मग ओतकाम कुठेही होईना, काय फरक पडतो?

काय फरक पडतो म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही, म्हणून आधी तीच घेते. 

तुम्ही हा लेख बहुधा मोबाईलवर वाचताय. त्याच्यातली चिप, स्क्रीन, बॅटरी कुठून कुठून आलीय याची यादी केली तर आपल्यापैकी कुणालाच स्वदेशीवर तोंड उघडता येणार नाही. शिवाय इतिहासातही शुद्ध असं काही सापडत नाही. अमेरिकेची ओळख सांगणारा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा फ्रान्समध्ये तयार झाला, त्याचा आतला लोखंडी सांगाडा आयफेलचा. मुंबईचं चित्र काढायला सांगितलं की पोरं जे गेटवे काढतात, ते जॉर्ज विटेट या स्कॉटिश माणसाचं डिझाईन. म्हणून ते आपलं नाही असं कोण म्हणतं?

वॉशिंग्टनमध्ये २०११ साली मार्टिन ल्यूथर किंग यांचं स्मारक झालं तेव्हा हाच वाद पेटला होता. शिल्पकार लेई यीशिन चीनचे, ग्रॅनाइटही चीनमधलं. समर्थकांचा युक्तिवाद असा होता की माणसाला त्याच्या कातडीच्या रंगावरून नव्हे तर गुणांवरून पारखा असं सांगणाऱ्या माणसाच्या स्मारकासाठी शिल्पकाराचा पासपोर्ट काय बघायचा? मला हा युक्तिवाद आवडतो. पण तिथल्या पाथरवट-गवंड्यांच्या युनियनची तक्रार वेगळीच होती. दगडांची जुळणी करायलासुद्धा चीनहून कामगार आणले, असं त्यांचं म्हणणं होतं. किंग मारले गेले ते १९६८ मध्ये मेम्फिसला. तिथे ते कशासाठी गेले होते? संपावर गेलेल्या सफाई कामगारांना पाठिंबा द्यायला. म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यातून दोन्ही बाजूंना आधार मिळतो. शिल्पकार कुठलाही असो, हे खरं. आणि या माणसाचं स्मारक बांधताना गावातल्या कामगाराला वगळणं बरं दिसत नाही, हेही खरं.

आपल्याकडे ही भांडणं त्याहून जुनी आहेत. १९२१ मध्ये मुंबईत परळला परदेशी कापडाची होळी झाली, आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्या प्रकाराला विरोध केला. त्यांच्या ‘घरे बाइरे’ कादंबरीतला जमीनदार निखिल आपल्या बाजारात विलायती मालावर बंदी घालायला नकार देतो, कारण स्वस्त कापड विकणारा आणि घेणारा दोघंही गरीब आहेत, आणि देशभक्तीची किंमत त्यांच्याकडून वसूल होणार आहे. मला निखिलचं पटतं. कुणी गरीब बाई स्वस्त म्हणून चिनी माळ घेत असेल तर तिला राष्ट्रप्रेम शिकवायला जाणं हा उद्धटपणा आहे.

पण सरकार म्हणजे ती बाई नव्हे. 

ती घेते ती तिची गरज. सरकारही गरजेपोटी खूप काही घेतं : लस, इंजिन, एमआरआय मशीन. तिथे जिथे उत्तम आणि परवडणारं मिळेल तिथून आणावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुतळा ही गरज नसते. त्याने कुणाचा ताप उतरत नाही. तो उभारला जातो तोच मुळी काहीतरी सांगायला, आणि तिथे वस्तू कशी बनली हा सांगण्याचाच भाग असतो. राष्ट्रध्वजाचं उदाहरण यात सगळ्यात स्वच्छ आहे. ध्वज खादीचाच हवा, हाताने कातलेला, हाताने विणलेला, असा नियम होता. कारण त्या कापडाला बाजूला केलं तर तीन रंग आणि चक्र उरतं, पण ते कुठून आलं ही गोष्ट उरत नाही. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावरचा, पॉलिएस्टरचा ध्वजही चालू लागला. पुढच्याच ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ आलं. हुबळीजवळ बेंगेरीत खादीचे ध्वज शिवणाऱ्या संस्थेने निषेध केला. आपल्याकडे नांदेडलाही खादीचे ध्वज बनतात. आता पॉलिएस्टरच्या गिरण्या काही परदेशात नाहीत, आपल्याच आहेत. त्यामुळे इथे परकं विरुद्ध देशी असा प्रश्नच नाही, आणि तरीही काहीतरी निसटलंय असं मला वाटतं. घरोघरी झेंडा पोचला ही चांगली गोष्ट आहे, पण खादी इतक्या घरांना पुरणार नव्हती हेही खरं आहे. मग ती पुरावी म्हणून आधीची सत्तर-पंचाहत्तर वर्षं काय केलं, असं कुणीतरी विचारायला हवं होतं.

केवडियाच्या बाबतीतही नेमकं हेच विचारावंसं वाटतं. ब्राँझ चीनला का पाठवलं, तर एवढं प्रचंड ओतकाम ठरलेल्या वेळात करू शकेल अशी फाउंड्री भारतात नव्हती. मी हे उत्तर खोटं मानत नाही. स्वामीमलईला चोळांच्या काळापासून पंचधातूच्या मूर्ती घडतात म्हणून तिथे हजारो पॅनल होतील असं म्हणणं हा भाबडेपणा आहे. पण ‘इथे कुणाला येत नाही’ हे वाक्य हवामानाच्या बातमीसारखं उच्चारलं जातं, जणू ते आकाशातून पडलं. येणं आणि न येणं हे कुणी कुणाला काय काम दिलं त्यावर ठरतं.

पुण्यातल्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा तुम्ही पाहिला नसेल तर एकदा जाऊन बघा. १९२८ चा आहे. कल्पना शाहू महाराजांची, शिल्पकार विनायक करमरकर, अलिबागजवळच्या सासवण्याचे. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या पोराने काढलेलं शिवाजीचं चित्र ओटो रॉथफिल्ड नावाच्या इंग्रज कलेक्टरने पाहिलं आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाण्याची वाट करून दिली. तो काळ मोठे पुतळे विलायतेतून ओतून आणण्याचा होता. करमरकरांचा हा पुतळा मात्र मुंबईत, माझगावला ओतला गेला, आणि तोही एकसंध. माझगावला बोटींची कामं करणारे लोक होते, त्यांना घोडा ओतण्याचा काय अनुभव असणार? पण काम समोर आलं आणि ते शिकले.

त्याच्याही आधी, १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरची दगडातली पानं, पक्षी, माकडं, यातलं बरंचसं कोरीवकाम जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केलं. फ्रेडरिक स्टीव्हन्स हा आर्किटेक्ट इंग्रज, राणी इंग्रज, पैसा रेल्वे कंपनीचा. साम्राज्याने आपल्या दिमाखासाठी बांधलेल्या इमारतीवर इथल्या पोरांनी हात बसवून घेतला. मी इंग्रजांची तारीफ करत नाहीये. कापडाचे माग कुणी बसवले ते आपल्याला माहीत आहे. पण या एका बाबतीत परक्या सरकारच्या कामातून इथे हुन्नर राहिलं, आणि आपल्या सरकारच्या सर्वांत उंच पुतळ्यातून किती राहिलं, ही तुलना मला टाळता येत नाही.

माझे मामा कोल्हापुरात पुतळे ओततात. मोठं काही नाही, पत्र्याची शेड, एक भट्टी, पाच-सहा माणसं. मातीचं मॉडेल, त्यावरून साचा, साच्यात मेणाचा थर, त्याला आतून-बाहेरून प्लास्टर आणि वीटभुकटीचं आवरण, मग भट्टीत तापवून मेण काढून टाकायचं आणि ती पोकळी ब्राँझने भरायची. पंच्याऐंशी टक्के तांबं. कथील, जस्त, शिसं पाच-पाच टक्के. ऐकायला सोपं वाटतं. रस ओतताना धातू कुठे आधी गोठेल आणि हवा कुठे अडकेल हे मामा साच्याकडे नुसतं बघून सांगतात, आणि ते त्यांना कुणी लिहून दिलेलं नाही. 

काही वर्षांपूर्वी एका गावच्या पालिकेने बारा फुटी पुतळ्याची निविदा काढली. मामांनी ती माझ्याकडून वाचून घेतली, कारण ती पीडीएफ होती आणि इंग्रजीत. सरकारी कामांत सरसकट असते तशी अट होती : गेल्या सात वर्षांत अशाच स्वरूपाचं, अंदाजित रकमेच्या ८० टक्के किमतीचं एक काम पूर्ण केलेलं असावं, नाहीतर ४० टक्क्यांची तीन. शिवाय उलाढाल, अनामत रक्कम वगैरे.

“असलं काम आधी केलेलं पाहिजे म्हणतात,” मामा म्हणाले, “मग पयलं काम कुणाकडनं मिळवायचं ते पण लिवलंय का बघ की.”

काम मिळालं एका कंत्राटदाराला, ज्याचा अनुभव रस्ते आणि गटारांचा होता, पण कागद पक्के होते. त्याने ते मामांनाच आणून दिलं. निम्म्याच्या आसपास दरात. म्हणजे पुतळा शेवटी मामांच्याच शेडमध्ये ओतला गेला. चौथऱ्यावरच्या फलकावर नगराध्यक्षांपासून कंत्राटदारापर्यंत सगळ्यांची नावं आहेत. मामांचं नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे अनुभवाच्या दाखल्यावरही नाही. पुढच्या निविदेच्या वेळी त्यांच्याकडे बारा फुटी पुतळ्याचा अनुभव कागदोपत्री शून्यच होता.

इथे परदेशी कुणीच नव्हतं. सगळा मामला तीस किलोमीटरच्या आतला. म्हणून मला वाटतं की ‘परदेशी कंत्राटदार विरुद्ध स्थानिक कारागीर’ असा सामना लावला की आपण चुकीच्या माणसावर चिडतो. नानचांगच्या फाउंड्रीत भट्टीसमोर घाम गाळणारा माणूस मामांचा शत्रू नाही, त्यांच्याच बिरादरीतला आहे. तो तरबेज आहे, कारण त्याच्या देशात वर्षानुवर्षं अवाढव्य मूर्तींची कामं निघाली आणि ती त्याच्याकडे गेली. 

परका माणूस बोलावणं वाईटच असं मला म्हणायचं नाही. चंदीगडसाठी नेहरूंच्या सरकारने ल कॉर्बुझिएला आणलं. शहराबद्दल तुमचं मत काहीही असो. पण त्याच्याबरोबर काम करायला उर्मिला युली चौधरी, आदित्य प्रकाश, एम. एन. शर्मा असे तरुण भारतीय आर्किटेक्ट होते, आणि पुढे शर्माच चंदीगडचे मुख्य आर्किटेक्ट झाले. दिल्ली मेट्रोच्या सुरुवातीच्या गाड्या कोरियात बनून आल्या, पण करारातच तंत्रज्ञान देण्याची अट होती. नंतरच्या गाड्या बंगळुरूच्या बीईएमएलमध्ये तयार झाल्या. परका माणूस आला, पैसे घेऊन गेला, आणि मागे काहीतरी येणारी माणसं ठेवून गेला. यात कुणाच्या अस्मितेला धक्का लागल्याचं मला दिसत नाही. केवडियाला ब्राँझचे पॅनल जहाजातून आले आणि ते बसवायला तिथलेच कामगारही आले. शिल्प कुणाचं होतं? राम सुतारांचं. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, जे. जे.मध्ये शिकलेले, उमेदीच्या वयात अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या डागडुजीचं काम केलेले. आपल्याकडच्या घडणीची अख्खी परंपरा ज्यांच्या बोटांत होती असा माणूस. त्यांनी केलेलं मॉडेल संगणकावर स्कॅन होऊन मोठं झालं, आणि ओतकामाची विद्या मात्र जिथली तिथेच राहिली.

स्थानिक असलं की पुण्य लागतं असंही नाही. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. सगळं देशी होतं. पुतळा आपल्या राज्यात, काम देणारे आपले, घडवणाराही आपलाच, एवढ्या मोठ्या कामाचा अनुभव नसलेला. मामांना मी फोन केला तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “तारीख आधी ठरलेली असत्या गं. पाहुणं यायचं असत्यात.”

तेव्हापासून मी तारखांकडे जास्त लक्ष देते. केवडियाचा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ ला, पटेलांच्या जयंतीला खुला झाला. तो ३३ महिन्यांत उभा राहिला असं लार्सन अँड टुब्रोने अभिमानाने सांगितलं होतं, आणि चीनमधल्या स्प्रिंग टेंपल बुद्धाला ११ वर्षं लागली अशी तुलनाही केली होती. इंजिनिअरिंग म्हणून हे थक्क करणारं आहे. पण ३३ महिन्यांत फाउंड्री उभी राहत नाही, आणि भट्टीसमोर उभं राहून पोरं तयार होत नाहीत. ज्याला काम शिकायचंय तो पहिल्यांदा ते बिघडवतो, वितळवतो, पुन्हा ओततो. त्याला वेळ लागतो, आणि सरकारला दोन गोष्टी देता येतात त्यांतली तीच गोष्ट ते देत नाही. पैसे देतं. परक्या कंत्राटदाराकडून आपण नुसतं ब्राँझ घेत नाही. त्याने शिकण्यात घालवलेली वर्षंही विकत घेतो. म्हणून तो स्वस्त वाटतो.

इथे मला आमच्या गणपतींची आठवण येते. पेणमध्ये मूर्तींचा एवढा मोठा व्यवसाय का टिकला? एक साधं कारण असं की मूर्ती विसर्जित होते. दरवर्षी नवी लागते. दरवर्षी ऑर्डर, दरवर्षी माती, दरवर्षी नव्या पोराला डोळे आखायला बसवणं. पुरीला जगन्नाथाचे रथही दरवर्षी नव्याने बांधतात, म्हणून तिथे रथ बांधता येणारे सुतार आहेत. सरकारची स्मारकं नेमकी उलटी, हजार वर्षं टिकतील अशी एकदाच करायची. असं एकच काम निघतं तेव्हा ते ज्याला येतं त्यालाच जातं, आणि ज्याला येत नाही त्याला ते कधीच येणार नाही. गावोगावचे लहान पुतळे तरी मामांसारख्यांना थेट मिळाले असते तर साखळी राहिली असती, पण तिथे आडवा येतो तो रस्तेवाला.

यात एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण ती टाळून पुढे जाणं बरं नाही. ‘कारागीर’ हा शब्द आपण फार प्रेमाने वापरतो. ओतारी, तांबट, लोहार, सुतार, कुंभार ही नुसती कामांची नावं नाहीत, ती जातींची नावं आहेत. ज्यांच्या हाताच्या कामावर आपण देशाची संस्कृती म्हणून टाळ्या वाजवतो, त्यांना शतकानुशतकं पंगतीत शेवटी बसवलं. तेव्हा ‘परंपरा जपा’ असं त्यांच्या मुलांना सांगायचा अधिकार मला नाही. मामांचा मुलगा पुण्यात आयटीत आहे, आणि त्याने भट्टीवर बसावं असं मी एकदाही म्हटलेलं नाही. मला एवढंच दिसतं की त्याने सोडलं ते त्या कामाचा कंटाळा आला म्हणून नव्हे. दहावीच्या सुट्टीत तो बापाबरोबर मेणाचे तुकडे जोडायचा, आणि अजूनही सुट्टीला आला की शेडमध्ये जाऊन काहीतरी खुडबुड करतो. त्याने हिशोब केला, वहीत आकडे मांडले, आणि गेला.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ प्रकारच्या कारागिरांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये, ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज. वाईट नाही. शिवाय खरेदीत देशी मालाला प्राधान्य द्यायचा २०१७ चा आदेश आहे, २०२० पासून २०० कोटींपर्यंतच्या खरेदीला जागतिक निविदा काढायला मनाई आहे. पण या प्राधान्यात स्थानिक म्हणजे काय ते टक्क्यांवर ठरतं. किमतीतला निम्मा किंवा जास्त भाग देशातला असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गातला स्थानिक. या मापाने मोजलं तर आत सगळं देशी आणि चेहरा तेवढा बाहेरचा असा कुठलाही पुतळा आरामात पास होतो. आणि रस्तेवाल्या कंत्राटदाराने मामांकडून निम्म्या दरात करून घेतलेला पुतळा तर शंभर टक्के स्थानिक ठरेल. मामांना उद्या कर्ज मिळेल, हातोड्या मिळतील. ऑर्डर त्या कंत्राटदारालाच मिळेल.

पटेल काय म्हणाले असते, असला प्रश्न मला विचारायचा नाही. मेलेल्या माणसांच्या तोंडी आपली मतं घालण्याचा उद्योग आपल्याकडे पुरेसा चालतो. पण केवडियाच्या आसपासच्या आदिवासींचं म्हणणं जिवंत माणसांचं होतं. २०१८ मध्ये उद्घाटनाच्या वेळी तिथल्या गावांनी जमिनीच्या प्रश्नावरून निषेध केला होता. ‘आपलं’ स्मारक म्हणताना त्या ‘आपण’मध्ये कोण कोण येतं, ही मोजणी ब्राँझच्या आधीच सुरू होते. जमीन कुणाची, मजुरी कुणाची, नाव कुणाचं. ओतकाम कुणाचं हा त्यातलाच एक रकाना आहे, मी फक्त त्यावर बोट ठेवलंय, कारण तो मला घरातून माहीत आहे.

सध्या मुंबईत इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक उभं राहतंय. पुतळा ३५० फुटांचा, शिल्प राम सुतारांचंच. मागच्या दिवाळीत मी मामांपुढे माझी एक कल्पना मांडली. मी म्हटलं, अशा प्रत्येक कामाच्या निविदेत एक अट असावी : कंत्राटदार देशी असो नाहीतर परदेशी, काम चालू असताना त्याने इथल्या अमुक इतक्या ओतकाम करणाऱ्यांना सोबत घेऊन शिकवायचं, आणि काम संपल्यावर त्यांच्या नावाने अनुभवाचा दाखला द्यायचा. पुतळा परक्याने ओतला तरी चालेल, पण पुढचा ओतायला इथे कुणीतरी तयार झालेलं असलं पाहिजे.

मामांनी ऐकून घेतलं. चहा संपवला. मग त्यांच्या पद्धतीने त्यांनी कामाचं तेवढं विचारलं.

“शिकणाऱ्या पोरानं पहिलं पॅनल वाया घालवलं, तर त्यातल्या तांब्याचं पैसं कुणी द्यायचं? दरसूचीत ते कुठल्या आयटमखाली धरतात?”

मी घरी येऊन सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची उघडली. खोदाई आहे, भराव आहे, गिलावा आहे, रंगकाम आहे. अजून शोधतेय.